ओआयडी डावीकडून वाचा: आयपी पत्ता त्यात कुठे आणि कसा बसतो

आमच्या मॉनिटरिंगच्या पडद्यावर एका सकाळी ०.२.१.० नावाचा ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगण्याची पद्धत) शेजारी दिसू लागला. असा राउटर आमच्याकडे नव्हता, आणि शून्याने सुरू होणारा पत्ता कोणी इंटरफेसला देतही नाही. त्याच वेळी १९२.०.२.१ हा खरा शेजारी यादीतून गायब झालेला. (पत्ते बदलून लिहिले आहेत. १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ हा पट्टा नमुन्यांसाठीच राखून ठेवलेला आहे.) लिंक चालू होती, राउटिंग ठीक होतं. चूक माझ्या स्क्रिप्टमध्ये होती.

नेटवर्क उपकरणांकडून माहिती मागवायच्या एसएनएमपी या पद्धतीत प्रत्येक मूल्याला टिंबांनी जोडलेल्या आकड्यांचं नाव असतं, त्याला ओआयडी म्हणतात. स्क्रिप्टचा नियम एका वाक्याचा होता: ओआयडीतले शेवटचे चार आकडे उचल, तोच आयपी पत्ता. एआरपी टेबलावर (कोणत्या आयपी पत्त्याचा हार्डवेअरचा, म्हणजे मॅक, पत्ता कोणता याची यादी) हा नियम दोन वर्षं बिनचूक चालला, म्हणून ओएसपीएफ टेबलालाही मी तोच लावला. त्या टेबलात पत्त्यानंतर आणखी एक आकडा असतो आणि तो बहुतेक वेळा शून्य असतो. १९२.०.२.१.० मधले शेवटचे चार घेतले की ०.२.१.० मिळतात. त्या दिवसापासून मी ओआयडी उजवीकडून वाचणं सोडलं. तुम्ही एसएनएमपीसाठी कलेक्टर, स्क्रिप्ट किंवा डॅशबोर्ड लिहिणार असाल, तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पत्ता नावातच का असतो

एसएनएमपीला 'ज्या ओळीत अमुक पत्ता आहे ती ओळ दे' असं विचारता येत नाही. तिथे शोध नाही, फक्त नावं आहेत. प्रत्येक मूल्याला एक पूर्ण नाव असतं, तेच ओआयडी. त्या नावाने मूल्य मागायचं, नाहीतर 'या नावाच्या पुढचं काय आहे' असं विचारायचं. टेबलातल्या ओळीला वेगळं नाव हवं असेल तर ओळीची ओळख नावात कोंबावी लागते. म्हणून ओआयडीचा सुरुवातीचा तुकडा सांगतो की कोणत्या टेबलातला कोणता स्तंभ, आणि शेवटचा तुकडा सांगतो की कोणती ओळ. या शेवटच्या तुकड्याला इंडेक्स म्हणतात. साध्या, टेबलाबाहेरच्या वस्तूंना तिथे नुसतं शून्य लागतं. सिस्टिम किती वेळ चालू आहे हे १.३.६.१.२.१.१.३.० मध्ये मिळतं, त्यातलं शेवटचं शून्य तेच.

पुढे प्रत्येक वेळी १.३.६.१.२.१ लिहीत नाही. तो मिब-२ चा सामाईक उपसर्ग आहे (मिब म्हणजे उपकरणातल्या वस्तूंच्या व्याख्यांची फाइल, मिब-२ हा त्यातला सर्वसामान्य संच). मी '४.२०' म्हटलं की त्याच्या आधी तो आहे असं धरा.

सगळ्यात सोपं टेबल ४.२०. उपकरणाच्या स्वतःच्या आयपी पत्त्यांचं हे टेबल १९९१ च्या आरएफसी १२१३ मधलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). त्यातली एक ओळ अशी:

१.३.६.१.२.१.४.२०.१.२.१९२.०.२.१० = ३

४.२० हे टेबल. त्यापुढचा १ म्हणजे 'या टेबलाची ओळ', तो नेहमी १ च असतो. पुढचा २ हा स्तंभ, इथे इंटरफेसचा क्रमांक. उरलेले १९२.०.२.१० म्हणजे इंडेक्स. अर्थ झाला: १९२.०.२.१० हा पत्ता तिसऱ्या क्रमांकाच्या इंटरफेसवर आहे. स्तंभाच्या जागी ३ टाकला की त्याच पत्त्याचा नेटमास्क येतो.

हे टेबल शिकायला छान, पण एका बाबतीत ते लाड करतं. त्याचा पहिला स्तंभ पत्ता स्वतः मूल्य म्हणून परत देतो: ४.२०.१.१.१९२.०.२.१० मागितलं की उत्तर १९२.०.२.१०. त्यामुळे नवशिका माणूस ओआयडी न उलगडता काम भागवतो. नव्या टेबलांत इंडेक्सचे स्तंभ वाचता येत नाहीत, मिबमध्ये त्यांच्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. २००६ च्या आरएफसी ४२९३ मधलं ४.३४ हे ४.२० चं वारसदार टेबल. त्याचा पत्त्याचा स्तंभ वॉक करून (एकामागून एक सगळ्या ओळी मागून) बघा, काहीही हाती लागत नाही. पत्ता हवा असेल तर तो इतर स्तंभांच्या ओआयडीमधूनच काढावा लागतो.

इंडेक्सचा नियम: आधी मिब, मग आकडे

कोणत्या ओआयडीत पत्ता कुठे सुरू होतो हे आकड्यांकडे टक लावून बघून कळत नाही. मिबच्या फाइलमध्ये प्रत्येक टेबलाच्या ओळीच्या व्याख्येत 'इंडेक्स' असं कलम असतं, त्यात स्तंभांची नावं क्रमाने दिलेली असतात. त्या प्रत्येकाचा प्रकार बघायचा आणि त्यानुसार डावीकडून एकेक तुकडा तोडायचा. तोडण्याचे नियम १९९९ च्या आरएफसी २५७८ च्या ७.७ या भागात आहेत. ते पाठच करा, कारण फार थोडे आहेत.

पूर्णांक असेल तर एक आकडा. जुन्या 'आयपी ॲड्रेस' प्रकाराचा असेल तर चार आकडे, आधी लांबी वगैरे काही नाही. ठरावीक लांबीची बाइटमाला असेल तर तितके आकडे, तिथेही लांबी नाही. लांबी बदलू शकणारी बाइटमाला असेल तर आधी लांबीचा एक आकडा, मग तितके बाइट, प्रत्येक बाइटचा एक आकडा. इंडेक्समध्ये ओआयडीच असेल तर तसंच, आधी लांबी आणि मग त्याचे भाग. शेवटच्या स्तंभावर 'इम्प्लाइड' असा शब्द असेल तर फक्त त्याची लांबी गाळतात, कारण उरलेलं सगळं त्याचंच.

आता एआरपीचं ४.२२ घ्या. इंडेक्समध्ये आधी इंटरफेसचा क्रमांक, मग आयपी पत्ता. ४.२२.१.२.७.१९२.०.२.२० म्हणजे सातव्या इंटरफेसवर १९२.०.२.२० चा मॅक पत्ता. शेवटचे चार उचलले तरी इथे बरोबर येतं, माझी दिशाभूल इथेच झाली. याच माहितीचं आणखी जुनं टेबल ३.१ मध्ये आहे, काही जुनी उपकरणं अजून ते देतात. तिथे ३.१.१.२.७.१.१९२.०.२.२० असं येतं. मधला १ सांगतो की पुढचा पत्ता इंटरनेट जातीचा आहे. 'इंटरफेसनंतरचे चार घे' असा नियम करणाऱ्याला इथे १.१९२.०.२ हा पत्ता मिळेल. म्हणजे एका टेबलात उजवीकडून मोजणारा फसतो, दुसऱ्यात आंधळेपणाने डावीकडून मोजणाराही फसतो. इंडेक्सचं कलम वाचलेला माणूस दोन्हीकडे बरोबर.

ओएसपीएफ शेजाऱ्यांचं टेबल १४.१०. इंडेक्समध्ये शेजाऱ्याचा पत्ता आणि त्यानंतर एक पूर्णांक. शेजाऱ्याच्या इंटरफेसला स्वतःचा पत्ता असेल तर हा पूर्णांक शून्य, नसेल तर इंटरफेसचा क्रमांक. १४.१०.१.६.१९२.०.२.१.० = ८ याचा अर्थ १९२.०.२.१ शी शेजार पूर्ण जुळला आहे. बीजीपी या दुसऱ्या राउटिंग पद्धतीचं १५.३ त्यामानाने सरळ, तिथे पलीकडचा पत्ता एवढाच इंडेक्स.

टीसीपी जोडण्यांचं जुनं टेबल ६.१३ माझं आवडतं आहे, कारण तिथे एका नावात पूर्ण जोडणी वाचता येते:

६.१३.१.१.१९२.०.२.१०.२२.१९८.५१.१००.७.५०५१४ = ५

इकडचा पत्ता, इकडचं पोर्ट, पलीकडचा पत्ता, पलीकडचं पोर्ट. मूल्य ५ म्हणजे जोडणी प्रस्थापित. ५०५१४ हा एकच आकडा आहे हे लक्षात घ्या. ओआयडीतला एक भाग २५५ पर्यंतच असतो असा समज पत्त्यांमुळे होतो. खरी मर्यादा ४२९४९६७२९५, आणि एका ओआयडीत जास्तीत जास्त १२८ भाग.

आयपीव्ही६ आलं आणि दोन आकडे वाढले

आयपीव्ही६ साठी सुरुवातीला वेगळी टेबलं काढली होती. तिथला पत्ता १६ बाइटची ठरावीक लांबीची बाइटमाला, म्हणून सोळा आकडे आणि लांबी नाही. नंतर ठरलं की एकाच टेबलात दोन्ही प्रकार मावले पाहिजेत. त्यासाठीची व्यवस्था २००५ च्या आरएफसी ४००१ मध्ये आहे: पत्त्याच्या आधी पत्त्याचा प्रकार सांगणारा पूर्णांक, आणि पत्ता स्वतः बदलत्या लांबीची बाइटमाला. प्रकार ० म्हणजे अज्ञात, १ आयपीव्ही४, २ आयपीव्ही६, ३ आणि ४ हेच दोन पण झोनसह (झोन म्हणजे पत्ता कोणत्या लिंकवरचा ते सांगणारा क्रमांक), १६ म्हणजे डीएनएस नाव.

म्हणून ४.३४ मध्ये तोच पत्ता असा दिसतो:

४.३४.१.३.१.४.१९२.०.२.१० = ३

स्तंभ ३ नंतरचा १ म्हणजे आयपीव्ही४, पुढचा ४ म्हणजे चार बाइट, मग पत्ता. आयपीव्ही६ चा २००१:डीबी८::१ असा:

४.३४.१.३.२.१६.३२.१.१३.१८४.०.०.०.०.०.०.०.०.०.०.०.१ = ३

इथे दोन गोष्टी सांभाळा. आयपीव्ही६ लिहिताना आपण दोन-दोन बाइटचे गट षोडशमान पद्धतीने लिहितो, ओआयडीत मात्र एकेक बाइट दशमान पद्धतीने येतो. २००१ चे दोन बाइट २० आणि ०१, दशमानात ३२ आणि १. डीबी८ च्या आधी न लिहिलेलं शून्य परत घाला: ०डी आणि बी८, म्हणजे १३ आणि १८४. दुसरं, दोन विसर्गांनी गाळलेली शून्यं सगळी भरावी लागतात. या पत्त्यात ती दहा आहेत, आणि शेवटच्या १ च्या आधी न लिहिलेलं एक धरून अकरा. हाताने मोजू नका, आधी भाषेच्या लायब्ररीकडून पत्त्याचे १६ बाइट घ्या आणि मग ते टिंबांनी जोडा.

लिंक-लोकल (एकाच लिंकपुरते चालणारे) पत्ते झोनसह आले की प्रकार ४ आणि लांबी २० होते, शेवटचे चार बाइट झोनचे. एफई८०::१ झोन ३ वर असेल तर ४.२०.२५४.१२८, मग तेरा शून्यं, मग १, मग ०.०.०.३. लांबी १६ गृहीत धरणारा कोड इथे झोनचे चार आकडे पुढच्या स्तंभाला देऊन टाकतो.

लांबी शून्यही असू शकते. टीसीपी ऐकणाऱ्या पोर्टांच्या ६.२० या टेबलात, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींवर ऐकणारी सेवा ६.२०.१.४.०.०.२२ अशी दिसते. प्रकार अज्ञात, लांबी ०, पत्ता काहीच नाही, पोर्ट २२. माझा पहिला डिकोडर इथे थांबायचा, कारण पत्ता रिकामा असेल असं मी धरलंच नव्हतं.

एक अवघड ओळ, सावकाश

राउटिंग टेबलाची गोष्ट यात सगळ्यात बोलकी आहे. जुन्या ४.२१ मध्ये इंडेक्स म्हणजे फक्त गंतव्य पत्ता. त्यामुळे १९८.५१.१००.०/२४ आणि १९८.५१.१००.०/२५ या दोन वाटा एकत्र दाखवताच येत नाहीत, दोघींचं नाव एकच होतं. पुढे ४.२४.४ मध्ये गंतव्य, मास्क, सेवेचा प्रकार आणि पुढचा हॉप (पॅकेट ज्याच्याकडे द्यायचं तो पुढचा राउटर) असे तेरा आकडे आले. आज वापरायचं ते ४.२४.७. त्याची एक ओळ पूर्ण तोडून बघू:

४.२४.७.१.७.१.४.१९८.५१.१००.०.२४.२.०.०.१.४.१९२.०.२.१ = ३

४.२४.७ टेबल, १ ओळ, ७ हा इंटरफेसचा स्तंभ. इथपर्यंतचं कापून बाजूला ठेवा. इंडेक्समध्ये सहा गोष्टी आहेत: गंतव्याचा प्रकार, गंतव्य, प्रिफिक्सची लांबी, धोरण, पुढच्या हॉपचा प्रकार, पुढचा हॉप.

पहिला १, आयपीव्ही४. पुढचा ४ लांबी, म्हणून चार उचला: १९८.५१.१००.०. पुढचा २४ हा पूर्णांक, प्रिफिक्स. आता धोरण. ते स्वतः एक ओआयडी आहे, म्हणून आधी लांबी २, मग दोन भाग ०.०, म्हणजे 'धोरण नाही'. मग १, पुन्हा आयपीव्ही४. ४ लांबी, आणि १९२.०.२.१. आकडे संपले आणि इंडेक्सही संपला.

इथे 'प्रिफिक्सनंतर तीन आकडे सोड' असं कोडमध्ये लिहू नका. काही एजंट (उपकरणावर एसएनएमपीला उत्तरं देणारे प्रोग्राम) धोरणात तिसरा भाग घालतात, मग ते ३.०.०.२ असं येतं आणि पुढचं सगळं एका घराने सरकतं. थेट जोडलेल्या नेटवर्कच्या ओळीत पुढच्या हॉपचा प्रकार ० आणि लांबी ० असू शकते. लांबी वाचून तितकंच तोडणारा कोड दोन्ही वेळा बरोबर राहतो.

उलट दिशा: पत्त्यावरून ओआयडी बनवणं

एखाद्या पत्त्याची एकच ओळ हवी असेल तर अख्खं टेबल वॉक करू नका. मोठ्या राउटरवर हजारो ओळी निघतात आणि एजंटचा प्रोसेसर त्यातच अडकतो. इंडेक्स स्वतः बांधा आणि थेट गेट करा, म्हणजे त्याच नावाचं मूल्य मागा. इथली नेहमीची चूक म्हणजे ४.३४ मध्ये लांबीचा ४ विसरणं. ४.३४.१.३.१.१९२.०.२.१० असं मागितलं की 'अशी ओळ नाही' एवढंच उत्तर येतं, आणि माणूस परवानग्या आणि फायरवॉल तपासत बसतो.

पूर्ण सबनेट हवं असेल तर क्रमाचा फायदा घ्या. ओआयडींचा क्रम भागाभागाने, संख्या म्हणून ठरतो: ...२.२ च्या नंतर ...२.१० येतो. सातव्या इंटरफेसवर १९२.०.२.६४/२६ मधले एआरपी हवेत? ४.२२.१.२.७.१९२.०.२.६३ पासून गेटनेक्स्ट सुरू करा आणि शेवटचा आकडा १२७ च्या पुढे गेला, किंवा त्याआधीचं काही बदललं, की थांबा. सुरुवात ६४ पासून नाही, ६३ पासून. गेटनेक्स्ट दिलेल्या नावाच्या नंतरचं देतं, ६४ दिलंत तर ६४ स्वतः सुटेल. तुमच्या कोडमध्ये ओआयडी अक्षरमाला म्हणून सॉर्ट करू नका, आकड्यांची यादी म्हणूनच ठेवा. अक्षरांच्या क्रमात १० हा २ च्या आधी येतो आणि 'इथे थांबा' ही अट भलत्या जागी लागते.

इंटरफेसचा क्रमांक इंडेक्समध्ये असलेल्या टेबलांबाबत एक काळजी. काही उपकरणांवर रीबूटनंतर हे क्रमांक बदलतात. ४.२२ चं ओआयडी बांधून कायमचं साठवून ठेवलंत तर एक दिवस ते दुसऱ्याच इंटरफेसकडे बोट दाखवेल. रीबूट दिसला की क्रमांक पुन्हा वाचा.

तारेवर काय जातं

पॅकेट कॅप्चर हाताने वाचायची वेळ आली तरच हे लागतं, पण लागतं तेव्हा दुसरा इलाज नसतो. मूल्य म्हणून गेलेला पत्ता सहा बाइट घेतो: दशमानात ६४, ४, १९२, ०, २, १०. पहिला प्रकाराचा खुणेचा बाइट, दुसरी लांबी. ओआयडीत तोच पत्ता वेगळा दिसतो, कारण तिथे प्रत्येक भाग सात-सात बिटांच्या गटांत मोडतात आणि शेवटचा गट सोडून प्रत्येकाचा वरचा बिट चढवतात. १२७ पर्यंतचा आकडा एका बाइटमध्ये मावतो. १९२ म्हणजे एकदा १२८ अधिक ६४, म्हणून १२९, ६४ असे दोन बाइट. पोर्ट ५०५१४ चे तीन: १३१, १३८, ८२. त्यामुळे ओआयडीतला आयपीव्ही४ पत्ता चार ते आठ बाइटचा कितीही असू शकतो, आणि कॅप्चरमध्ये सलग १९२, ०, २, १० शोधलंत तर सापडणार नाही. सुरुवातीचे १.३ मात्र एकत्र होऊन ४३ होतात: चाळीस गुणिले एक अधिक तीन.

उपकरणं चुकतात तेव्हा

एका उपकरणात मला १९२ च्या जागी ४२९४९६७२३२ दिसला होता. एजंटच्या कोडने बाइट चिन्हासहित वाचला होता, १९२ चा उणे ६४ झाला आणि तो ३२ बिटांत पसरला. तेव्हापासून माझा डिकोडर पत्त्याच्या प्रत्येक आकड्याला २५५ ची कमाल मर्यादा लावतो आणि मोडली तर मूळ ओआयडी लॉगमध्ये जसंच्या तसं लिहितो. ते मूल्य चुपचाप दुरुस्त करू नका. लॉगमधली ती ओळच उत्पादकाला पाठवायचा पुरावा असतो.

खासगी मिबमध्ये पत्ता मजकूर म्हणूनही भेटतो. १०.४९.५७.५०.४६.४८.४६.५०.४६.४९.४८ असं काही दिसलं तर ते '१९२.०.२.१०' हे दहा अक्षरी लेखन आहे: १० ही लांबी, ४९ म्हणजे आस्कीतला एक, ४६ म्हणजे टिंब. इंडेक्सच्या शेपटात ४६ पुन्हा पुन्हा येत असेल तर मी पहिला संशय याचाच घेते.

नेट-एसएनएमपी हा साधनसंच वापरत असाल तर मिब फाइली चढवून वॉक करा, ते इंडेक्स उलगडून अवतरणचिन्हांत पत्ता दाखवतं. शिकताना हे आणि नुसत्या आकड्यांचं रूप शेजारी ठेवून वाचा, दोन-तीन टेबलांत डोळा बसतो. स्क्रिप्टला मात्र नेहमी आकड्यांचं रूपच द्या. देखणं रूप मिब चढली आहे की नाही यावर बदलतं.

डिकोडर झाला की माझी तपासणी अशी असते. उलगडलेल्या किमती परत एन्कोडरला द्यायच्या आणि निघालेलं ओआयडी मूळाशी जुळवायचं. इंडेक्स संपल्यावर एकही आकडा उरता कामा नये, आणि आकडे आधी संपले तर ती चूक म्हणून वर फेकायची. तपासणीत किमान या ओळी ठेवा: १४.१० मधलं शेवटचं शून्य, ३.१ मधला मधला १, ६.२० मधली शून्य लांबी, झोनसह २० बाइटचा पत्ता, आणि तीन भागांचं धोरण असलेली ४.२४.७ ची ओळ.